तेच औषध, दोन निकाल

२७ जून १९९६ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सेप्टिक शॉकच्या, म्हणजे संसर्ग शरीरभर भिनून रक्तदाब कोसळलेल्या, १४१ रुग्णांचे आकडे छापलेले आहेत. रुग्णांचे चार गट पाडले होते. पहिल्या गटातल्या ३३ जणांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं द्रावण दिलं. त्यांतले १० जण २८ दिवसांच्या आत दगावले. औषधाची सगळ्यांत लहान मात्रा मिळालेल्या ३० जणांपैकी ९ गेले, मधली मात्रा मिळालेल्या २९ पैकी १४ आणि सगळ्यांत मोठी मात्रा मिळालेल्या ४९ पैकी २६. टक्केवारी अनुक्रमे ३०, ३०, ४८ आणि ५३. मात्रा वाढत गेली तसे मृत्यू वाढत गेले.

जेमतेम वर्षभराने, १७ जुलै १९९७ रोजी, त्याच नियतकालिकात त्याच औषधाविषयी दुसरा निबंध आला. या वेळी रुग्ण होते ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे, १८० जण. सगळ्यांत मोठी मात्रा घेणाऱ्यांपैकी ७५ टक्के लोकांची दुखणी तीन महिन्यांत ठरवलेल्या मोजमापाने निदान एक-पंचमांश कमी झाली. प्लासिबोच्या गटात हे प्रमाण होतं १४ टक्के. नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या औषधाला संधिवातासाठी मंजुरी दिली. ते औषध म्हणजे एटानरसेप्ट.

औषध तेच आणि ज्या रेणूला ते अडवतं तोही तोच, मग निकाल इतके उलटे कसे? या विषयावरच्या लोकप्रिय लेखनात दुसरा निबंध विजयकथा म्हणून येतो आणि पहिला तळटिपेत जातो. मला ही वाटणी मान्य नाही. दोन्ही निबंध एकाच गोष्टीचे पुरावे आहेत आणि एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय दोन्हींचा अर्थ लागत नाही. त्यांच्या आधीचे निबंध तारखेच्या क्रमाने लावले, आणि निष्कर्षांबरोबर प्रयोगाची कृतीही वाचली, की उत्तर सापडतं. ते १९९६ च्या अकरा वर्षं आधीच छापलेलं होतं.

आधी हे औषध काय करतं ते पाहू. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीच्या आवरणात काही प्रथिनं आरपार रोवलेली असतात. त्यांचं बाहेरचं टोक विशिष्ट रेणूची वाट पाहत असतं आणि आतलं टोक पेशीच्या कारभाराला जोडलेलं असतं. हे रिसेप्टर. दाहाच्या वेळी मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी जे संदेशरेणू सोडतात, त्यांतला एक प्रमुख रेणू म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, टीएनएफ. त्याचे रिसेप्टर दोन. एटानरसेप्टमध्ये त्यांतल्या एका रिसेप्टरचं फक्त बाहेरचं टोक घेतलेलं आहे. अशी दोन टोकं प्रतिपिंडाच्या शेपटीला जोडली आहेत. टीएनएफ त्यांना चिकटतो, पण आतलं टोकच नसल्यामुळे निरोप कुठेच पोहोचत नाही.

टीएनएफचा कागदोपत्री माग न्यूयॉर्कमध्ये सुरू होतो. १८९१ च्या आरंभी विल्यम कोली या तरुण शल्यचिकित्सकाची सतरा वर्षांची रुग्ण हाताच्या सार्कोमाने, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाने, दगावली. शस्त्रक्रियेने तिला वाचवता आलं नव्हतं. त्यानंतर कोलीने न्यूयॉर्क हॉस्पिटलचे जुने केसपेपर काढून वाचले. त्यांत एका स्थलांतरिताची नोंद होती. मानेवरची गाठ पुन्हा पुन्हा कापूनही उगवत होती. मग जखमेत विसर्प झाला, ज्याला आपल्याकडे धावरं म्हणतात. ताप चढला आणि गाठ विरून गेली. हॉस्पिटलच्या नोंदीवर न थांबता कोलीने त्या माणसाचा गरीब वस्तीत शोध घेतला आणि तो जिवंत सापडला. पुढे कोलीने गाठी असलेल्या रुग्णांना मुद्दाम जिवाणू टोचायला सुरुवात केली. मे १८९३ च्या निबंधात त्याने आपल्या दहा रुग्णांची हकिकत दिली आहे. नंतर जिवंत जिवाणूंच्या जागी दोन जातींच्या मेलेल्या जिवाणूंचं मिश्रण तो वापरू लागला. काही गाठी विरल्या, बऱ्याच विरल्या नाहीत. मिश्रण दर वेळी सारखं नसे, टोचण्याची जागा आणि मात्रा बदलत असे, त्यामुळे हिशोब जुळेना.

१९३६ मध्ये कोली वारला. त्याची मुलगी हेलन कोली नॉट्स हिने वडिलांची पत्रं आणि रुग्णांची टिपणं गोळा केली, एकेका रुग्णाचं पुढे काय झालं याचा माग काढला आणि सगळं कोष्टकात मांडलं. तिचं वैद्यकीय शिक्षण झालेलं नव्हतं. १९५३ मध्ये तिच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट उभी राहिली. कागद सांभाळणाऱ्या या बाईचं ऋण या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने मानायला हवं. पुढे या संस्थेचे वैद्यकीय संचालक झालेले लॉइड ओल्ड यांच्याच प्रयोगशाळेतून टीएनएफचा पहिला निबंध निघाला.

दरम्यान, कोलीच्या मिश्रणातल्या सेराशिया या जिवाणूपासून मरे शिअर यांनी १९४३ मध्ये गाठीवर परिणाम करणारा अंश वेगळा केला होता. अशा जिवाणूंच्या आवरणातल्या या विषाला एंडोटॉक्सिन म्हणतात. ते टोचलं की उंदराच्या गाठीत रक्तस्राव होऊन ती आतून काळी पडे. एंडोटॉक्सिन गाठीवर थेट काम करतं की उंदराच्या शरीराकडून करवून घेतं, हा प्रश्न मात्र उरला. १९६२ मध्ये शिअर यांच्याच गटाने दाखवलं की एंडोटॉक्सिन दिलेल्या उंदराचं सीरमही गाठीला इजा करतं.

सप्टेंबर १९७५ चा निबंध या प्रश्नाला थेट भिडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मधली ती पाच पानं आहेत. पहिलं नाव एलिझाबेथ कार्सवेल यांचं, ओल्ड त्यांच्यानंतर. कृती अशी: उंदरांना बीसीजी टोचायचं. आपल्याकडे नवजात बाळाला क्षयाची लस म्हणून देतात तेच हे जिवाणू. त्यांच्यामुळे उंदरातल्या मॅक्रोफेज पेशी वाढतात आणि सज्ज होतात. मग शिरेतून एंडोटॉक्सिन द्यायचं, दोन तासांनी रक्त काढायचं, सीरम वेगळं करायचं आणि ते गाठ असलेल्या दुसऱ्या उंदराला टोचायचं. त्या दुसऱ्या उंदराची गाठ आतून काळी पडली. नुसतं बीसीजी दिलेल्या किंवा नुसतं एंडोटॉक्सिन दिलेल्या उंदराच्या सीरमने हे होत नव्हतं. सीरममध्ये उरलंसुरलं एंडोटॉक्सिन हे घडवतंय का, याची लेखकांनी अनेक चाचण्यांनी खातरजमा केली. हा घटक यजमानाच्याच पेशी सोडतात, बहुधा मॅक्रोफेज, असा त्यांचा निष्कर्ष होता. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे नाव इथे पहिल्यांदा छापलं गेलं.

‘दोन तासांनी रक्त काढायचं’ हे कृतीतलं वाक्य लक्षात ठेवावं. निष्कर्षाच्या परिच्छेदात त्याचा उल्लेख नाही, पण पुढची सगळी गोष्ट त्याच्याशी बांधलेली आहे.

दुसरा माग आफ्रिकेतून येतो आणि त्याचा कर्करोगाशी काही संबंध नाही. रॉकफेलर विद्यापीठाचे अँथनी सेरामी यांना केनियातल्या गुरांच्या एका रोगाने विचारात पाडलं होतं. ट्रायपॅनोसोम हा परोपजीवी त्से-त्से माशीमुळे पसरतो. बाधा झालेली गुरं खंगत जातात, हाडांचा सापळा उरतो. पण रक्तात परोपजीवी पाहावेत तर मोजकेच. इतक्या थोड्या जंतूंनी एवढं जनावर कसं वाळतं? प्रयोगशाळेत सशांना बाधा करून कॅरल राउझर आणि सेरामी यांनी १९८० मध्ये निरीक्षण नोंदवलं: वजन घटत असताना रक्तातली चरबी मात्र प्रचंड वाढलेली असते, कारण रक्तातून चरबी उचलून पेशींना देणारं लायपोप्रोटीन लायपेज हे विकर मंदावलेलं असतं. जनावर उपाशी नाही, रक्त चरबीने भरलेलं आहे, तरी पेशींना ती मिळत नाही.

१९८१ च्या कावाकामी आणि सेरामी यांच्या निबंधातला प्रयोग मला या सगळ्या कागदपत्रांत सर्वांत देखणा वाटतो. सी३एच/एचईजे नावाच्या जातीच्या उंदरांवर एंडोटॉक्सिनचा जवळजवळ काही परिणाम होत नाही. त्यांच्या सख्ख्या भाऊबंद जातीवर होतो. लेखकांनी संवेदनशील उंदरांना एंडोटॉक्सिन दिलं, त्यांचं सीरम काढलं आणि ते दाद न देणाऱ्या उंदरांना टोचलं. त्या उंदरांचंही विकर मंदावलं. म्हणजे एंडोटॉक्सिनचा निरोप ओळखू न शकणारा उंदीर त्याच्या पुढचा निरोप मात्र ओळखतो. मधे कुणीतरी निरोप्या आहे. सेरामी यांच्या गटाने त्याला कॅकेक्टिन म्हटलं. या उंदरांना एंडोटॉक्सिन का कळत नाही, याचं उत्तर डिसेंबर १९९८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलं. टीएलआर-४ या रिसेप्टरच्या जनुकात त्यांच्याकडे एका अक्षराची चूक आहे. ते उत्तर शोधणारे ब्रूस बॉइटलर १९८५ मध्ये सेरामी यांच्याच प्रयोगशाळेत कॅकेक्टिन शुद्ध करत होते. पुढे २०११ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता.

दोन्ही माग १९८५ च्या उन्हाळ्यात एकत्र येतात. आदल्या डिसेंबरात जेनेनटेक कंपनीच्या गटाने ‘नेचर’मध्ये मानवी टीएनएफची रचना छापली होती, एकूण १५७ अमिनो आम्लांची साखळी. बॉइटलर आणि सहकाऱ्यांनी शुद्ध केलेल्या कॅकेक्टिनच्या सुरुवातीची अमिनो आम्लं तिच्याशी ताडून पाहिली. ती जुळली. कॅकेक्टिन टीएनएफसारखं पेशीही मारत होतं. ऑगस्ट १९८५ च्या ‘नेचर’मधल्या निबंधाच्या शीर्षकातच दोन्ही एकच असल्याचं जाहीर झालं. गाठ मारणारा म्हणून शोधलेला रेणू आणि गुरांना खंगवणारा म्हणून शोधलेला रेणू एकच निघाले.

त्याच महिन्याच्या ३० तारखेला ‘सायन्स’मध्ये बॉइटलर, मिलसार्क आणि सेरामी यांचा दुसरा निबंध आला. उंदरांना आधी टीएनएफविरोधी प्रतिपिंडं दिली आणि मग एंडोटॉक्सिनची प्राणघातक मात्रा दिली, तर उंदीर वाचतात, हा त्याचा निष्कर्ष. हा निबंध अक्षरशः हजारो वेळा उद्धृत झाला. सेप्सिसमधला, म्हणजे संसर्ग शरीरभर भिनण्याच्या या आजारातला, मारेकरी सापडला, आता त्याला अडवायचं, असा त्याचा अर्थ लावला गेला. पण सारांशातच आणखी दोन गोष्टी लिहिलेल्या आहेत. संरक्षण सगळ्यांत चांगलं मिळतं ते प्रतिपिंडं एंडोटॉक्सिनच्या आधी दिली तर. आणि एंडोटॉक्सिन फारच जास्त असेल तर हे संरक्षण तोकडं पडतं. अकरा वर्षं आधी छापलेलं उत्तर मी म्हणालो ते हेच.

दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, केव्हिन ट्रेसी, सेरामी आणि सहकाऱ्यांनी बबून माकडांवरचा प्रयोग ‘नेचर’मध्ये छापला. माकडांच्या शिरेत जिवंत जिवाणू सोडले होते. प्रतिपिंडं जिवाणूंच्या दोन तास आधी दिली तेव्हा माकडं पूर्ण वाचली: रक्तदाब टिकला, अवयव शाबूत राहिले. तीच प्रतिपिंडं एकच तास आधी दिली तेव्हा शॉक टळला, पण अवयव निकामी झाले. जंतू अजून शरीरात शिरलेही नसताना एका तासाच्या उशिराने एवढा फरक पडत होता. आणि इस्पितळात येणारा सेप्सिसचा रुग्ण तर जंतू शिरून तास, कधी दिवस, उलटल्यावरच येतो.

१९८८ मध्ये माणसांवरचा पुरावाही आला. निरोगी स्वयंसेवकांना एंडोटॉक्सिनचा अत्यल्प अंश टोचून त्यांच्या रक्तातला टीएनएफ मोजला गेला. दीड ते तीन तासांच्या दरम्यान तो शिखरावर पोहोचला आणि मग उतरला. कार्सवेल यांनी उंदराचं रक्त दोन तासांनीच का काढलं, हे इथे उलगडतं. फार उशीर केला असता तर नळीत काही उरलं नसतं.

रेणू उतरला तरी रोग का उतरत नाही, हे समजायला रिसेप्टरपाशी जावं लागतं. टीएनएफचे तीन रेणू एकत्र येऊन एक त्रिकूट होतं, हे १९८९ मध्ये स्फटिकांच्या अभ्यासातून दिसलं. १९९० मध्ये दोन्ही रिसेप्टरची जनुकं हाती आली. त्यांतला पहिला, पी५५, जवळपास सगळ्या पेशींवर असतो. दुसरा, पी७५, मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर. त्रिकुटाच्या तीन खाचांत तीन रिसेप्टर बसतात, आणि तिघांची आतली टोकं जवळ आली की पेशीत काम सुरू होतं. एकामागून एक प्रथिनं त्या टोकांना येऊन बिलगतात. त्यांच्या शेवटी आय-कप्पा-बी नावाचं प्रथिन मोडून टाकलं जातं. हे प्रथिन एनएफ-कप्पा-बी या दुसऱ्या प्रथिनाला केंद्रकाबाहेर अडकवून ठेवत असतं. एनएफ-कप्पा-बी मोकळं होऊन केंद्रकात शिरतं आणि अनेक जनुकं चालू करतं. १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना ते सापडलं तेव्हा ते प्रतिपिंडांच्या जनुकाचा अभ्यास करत होते. दाह हा त्यांचा विषयही नव्हता.

या जनुकांमुळे रक्तवाहिनीच्या अस्तरावर चिकट प्रथिनं उगवतात. वाहणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे अडकतात, भिंतीतून बाहेर सरकतात. भिंत सैल होऊन पाणी झिरपतं, जागा सुजते. शिवाय पेशी आयएल-६, आयएल-८ असे नवे संदेशरेणू सोडू लागते. म्हणजे टीएनएफ स्वतः दोन-तीन तासांत ओसरला तरी त्याने चालू केलेली कामं आपापल्या वेगाने पुढे जात राहतात. ही गोष्ट एका बोटाच्या जखमेत घडली तर ती बरी होण्याची वाट असते. सगळ्या शरीराच्या रक्तवाहिन्यांत एकाच वेळी घडली तर रक्तदाब कोसळतो. त्यानंतर टीएनएफला अडवून हाती फारसं लागत नाही. जिवाणू मात्र अजून जिवंत असतात आणि त्यांच्याशी लढायला तोच रेणू हवा असतो.

शरीर हे अडवण्याचं काम स्वतःही करतं, याची साक्ष एका अनपेक्षित जागी सापडली. १९८८-८९ च्या सुमारास जिनिव्हा, इस्राएल आणि स्वीडनमधल्या गटांनी तापाने आजारी असलेल्या आणि इतर रुग्णांच्या लघवीतून टीएनएफला बांधून ठेवणारं प्रथिन वेगळं केलं. ते रिसेप्टरचंच कापलं गेलेलं बाहेरचं टोक निघालं. सेप्सिसच्या रुग्णाच्या रक्तात अशी तुटलेली टोकं आधीच फिरत असतात. १९९६ च्या चाचणीत त्यांच्यात वरून आणखी भर घातली गेली. मोठी मात्रा होती किलोमागे दीड मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला एकाच वेळी शिरेतून ९० मिलिग्रॅम. संधिवाताच्या चाचणीतली मोठी मात्रा होती शरीराच्या दर चौरस मीटरला १६ मिलिग्रॅम, म्हणजे एका माणसाला २५-३० मिलिग्रॅमच्या आसपास, तीही कातडीखाली, आठवड्यातून दोनदा. दोन निकालांची तुलना करताना मात्रेचा हा फरकही हिशोबात धरायला हवा.

चाचणी आखणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे आणि ते न्यायाचं नाही. सेप्टिक शॉकवर हाती काही नव्हतं, अतिदक्षता विभागात माणसं रोज मरत होती आणि प्राण्यांवरचे निकाल चमकदार होते. माझी तक्रार वाचनाच्या सवयीबद्दल आहे. ‘प्रतिपिंडांनी जीव वाचतो’ हे वाक्य पुढे गेलं आणि ‘आधी दिली तर’ हे त्याचंच शेपूट मागे राहिलं. मोठी मात्रा मिळालेल्या त्या ४९ जणांचा विचार करताना ते शेपूट मला विसरता येत नाही.

संधिवाताचा पुरावा वेगळ्या ठिकाणी वाढत होता. लंडनच्या हॅमरस्मिथ भागातल्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी काम करत होते. फेल्डमन यांचा जन्म ल्वूफचा, वाढले ऑस्ट्रेलियात. मैनी यांचा जन्म लुधियान्याचा, बालपण युगांडात. सांध्याच्या आतलं अस्तर शस्त्रक्रियेच्या वेळी काढलं जातं, त्यातल्या पेशी ते बशीत वाढवत. या पेशी बाहेरून काहीही न घालता दिवसेंदिवस दाहाचे संदेशरेणू बनवत राहतात, हे त्यांच्या गटाला दिसलं होतं. निरोगी माणसाच्या रक्तात काही तासांत उतरणारी लाट इथे उतरतच नव्हती.

तेव्हा शंका अशी होती की डझनभर संदेशरेणू एकाच वेळी हजर असतील तर एकाला अडवून काय होणार? बाकीचे त्याचं काम करतील. २९ जुलै १९८९ च्या ‘लॅन्सेट’मधला फियोनुला ब्रेनन आणि सहकाऱ्यांचा छोटा निबंध याच शंकेला उत्तर देतो. त्यांनी बशीतल्या पेशींवर टीएनएफविरोधी प्रतिपिंडं घातली आणि मोजला मात्र दुसराच रेणू, आयएल-१. तो घटला. म्हणजे हे रेणू एका ओळीत बसलेले समान हुद्द्याचे नव्हते. टीएनएफ वरच्या पायरीवर होता आणि त्याला अडवलं की खालच्याही बऱ्याच जणांचं काम थंडावत होतं. मोजायला आयएल-१ निवडण्यातच त्या प्रयोगाची सगळी बुद्धी आहे. १९९१ मध्ये ग्रीसमधल्या जॉर्ज कोलिआस यांच्या गटाने मानवी टीएनएफ सतत बनवणारे उंदीर तयार केले. त्यांना आपोआप संधिवात झाला.

१९९२ मध्ये लंडनच्या चेअरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये पहिल्या रुग्णांना टीएनएफविरोधी प्रतिपिंड दिलं गेलं. मूळ उंदराचं हे प्रतिपिंड न्यूयॉर्क विद्यापीठात यान विल्चेक आणि जुनमिंग ले यांनी बनवलं होतं. सेंटोकॉर कंपनीने त्याचा बराचसा भाग बदलून माणसाचा केला. आज ते इन्फ्लिक्सिमॅब म्हणून ओळखलं जातं. १९९३ चा पहिला निबंध २० रुग्णांचा आहे, आणि त्यात तुलनेसाठी प्लासिबो नव्हतं. खरा पुरावा १९९४ च्या ‘लॅन्सेट’मधला: चार शहरांतले ७३ रुग्ण, प्रत्येकाला एकदाच सलाइनमधून औषध किंवा प्लासिबो, आणि कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही ठाऊक नाही, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. चार आठवड्यांनी प्लासिबोच्या २४ पैकी २ जण सुधारले, लहान मात्रेच्या २५ पैकी ११ आणि मोठ्या मात्रेच्या २४ पैकी १९. इथे मात्रेबरोबर आकडा चढतो तो बरं वाटणाऱ्यांचा.

१९९६ च्या आकड्यांशेजारी हे आकडे ठेवले की फरक रेणूत नसून वेळेत आणि जागेत आहे हे दिसतं. सेप्सिसमध्ये टीएनएफची लाट येऊन गेलेली असते, संसर्ग चालू असतो आणि रुग्ण उशिरा येतो. सांध्यात ती लाट रोज नव्याने उठते, तिथे मारायला जंतू नसतो, आणि औषध आज दिलं काय, पुढच्या आठवड्यात दिलं काय, अडवायला टीएनएफ हजर असतो. कर्करोगाच्या बाजूनेही हीच साक्ष मिळते. रुग्णांच्या शिरेत शुद्ध टीएनएफ सोडला तेव्हा थंडी वाजून ताप आला, रक्तदाब घसरला, गाठींवर मात्र फारसा परिणाम झाला नाही. १९९२ मध्ये लिएनार आणि लेजन यांनी सार्कोमा किंवा मेलानोमा झालेल्या हाता-पायाचा रक्तप्रवाह शरीरापासून तात्पुरता तोडून फक्त त्या अवयवात कर्करोगाच्या औषधासोबत टीएनएफची मोठी मात्रा फिरवली. तिथे त्याचा उपयोग झाला. युरोपात सार्कोमासाठी त्या वापराला पुढे मंजुरीही मिळाली.

टीएनएफ रोज अडवून ठेवण्याची किंमत ११ ऑक्टोबर २००१ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये जाहीर झाली. जोसेफ कीन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांकडे आलेल्या तक्रारींमधून इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांतल्या क्षयाच्या ७० केसेस एकत्र केल्या. औषध सुरू झाल्यापासून मध्यक कालावधी १२ आठवडे. म्हणजे बहुतेकांना बाहेरून नवा जंतू लागलेला नव्हता, वर्षानुवर्षं आत दबलेला जंतू जागा झाला होता. आणि ७० पैकी ४० जणांना क्षय फुप्फुसांबाहेर झाला होता. एरवी प्रौढांत फुप्फुसाचा क्षय सर्वाधिक दिसतो.

याचाही पूर्वसंकेत छापलेला होता. १९८९ मध्ये, ब्रेनन यांचा निबंध आला त्याच वर्षी, जिनिव्हाच्या किंडलर आणि सहकाऱ्यांनी ‘सेल’मध्ये बीसीजी दिलेल्या उंदरांचा अभ्यास छापला. मॅक्रोफेज पेशी या जंतूंभोवती दाटीवाटीने जमून गाठ बनवतात, तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. जंतू त्यात कोंडले जातात. टीएनएफविरोधी प्रतिपिंडं दिली तेव्हा या गाठी नीट बनल्या नाहीत आणि जंतू वाढले. सांध्याला सुजवणारा तोच निरोप क्षयाच्या जंतूचा तुरुंग उभा करतो आणि राखतो. तुरुंगाच्या भिंती ढासळल्या की जंतू फुप्फुसातच राहतील असं नाही, ते हाडांत, आतड्यात, मेंदूच्या आवरणात कुठेही जाऊ शकतात. कीन यांच्या ४० जणांचं स्पष्टीकरण तिथे आहे.

कीन यांचा निबंध मात्र वेळेवर वाचला गेला. औषधाच्या वेष्टनावर क्षयाची ठळक सूचना आली. स्पेनमध्ये २००२ मध्ये उपचाराआधी सुप्त क्षय तपासण्याचे नियम लागू झाले आणि तिथल्या राष्ट्रीय नोंदवहीनुसार या औषधांवर असलेल्या रुग्णांतला सक्रिय क्षय ७८ टक्क्यांनी घटला.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी अवघड आहे. एटानरसेप्टची प्रतिरूप आवृत्ती मुंबईच्या सिप्लाने २०१३ मध्ये भारतात आणली, त्यानंतर अशी औषधं आणखी कंपन्यांकडून येऊ लागली. पण भारतात मोठेपणी कित्येकांच्या शरीरात क्षयाचा जंतू दबून असतो, आणि जन्मतः बीसीजी टोचलेलं असतं. त्यामुळे हातावर घेतलेली क्षयाची माँटू चाचणी फुगली तर ती जंतूमुळे की लसीमुळे, हे तिच्या एकटीवरून ठरवता येत नाही. म्हणून संधिवाताचे डॉक्टर पहिलं इंजेक्शन लिहिण्याआधी छातीचा एक्स-रे मागतात, रक्ताची इंटरफेरॉन गॅमा चाचणी करून घेतात, घरात कुणाला क्षय झाला होता का ते विचारतात आणि संशय आला तर आधी आयसोनियाझिडसारखं क्षयविरोधी औषध सुरू करतात. दुखऱ्या बोटांनी फाइल धरून बसलेल्या रुग्णाला हा उशीर जाचतो, आणि सांध्यासाठी आलो तर छातीचा फोटो कशाला, असं तो विचारतो.